माणसें नेमणाऱ्याची विद्या



जून महिना उजाडला, बी. ए. आणि बी. कॉम. चे निकाल लागले, म्हणजे गिरगांवांतल्या आणि लालबागांतल्या घरोघरीं एकच खल चालूं होतो. मुलगा पदवीधर झाला, पुढें काय? पूर्वीं या प्रश्नाला उत्तरें थोडीं होतीं. बँकेंत चिकटावें, सरकारी कचेरींत कारकुनी करावी, शाळेंत मास्तर व्हावें, नाहींतर वकिलीच्या वर्गांत नांव घालावें. आतां त्यांत एका नव्या उत्तराची भर पडली आहे. 'एच. आर. मध्यें जातों,' असें मुलें म्हणतात. आईबापांना तें नांव नीटसें कळत नाहीं, आणि मुलांनाही पुष्कळदां नांवापलीकडे कांहीं ठाऊक नसतें. जाहिराती मात्र इतक्या दाट झाल्या आहेत कीं, पदवी, पदविका आणि प्रमाणपत्र यांतला भेद वाचणाऱ्याच्या ध्यानांतच राहूं नये.

हें काम तरी कोणतें? गिरणींत, कारखान्यांत, इस्पितळांत किंवा कचेरींत जीं माणसें राबतात त्यांची निवड करणें, त्यांना नेमणुकीचें पत्र देणें, त्यांचा पगार, रजा, बढती, प्रॉव्हिडंट फंड यांचा हिशेब नीट राहतो कीं नाहीं तें पाहणें, त्यांच्या तक्रारी ऐकणें, आणि प्रसंगीं कोणाला कामावरून दूर करावें लागलें तर तेंही कायद्यानें घालून दिलेल्या रीतीनें करणें, असें हें काम आहे. एके काळीं हें काम करणाऱ्याला परळांत 'लेबर ऑफिसर' म्हणत. पुढें 'पर्सोनेल ऑफिसर' हें नांव आलें, आणि आतां 'मनुष्यबळ' किंवा नुसतें 'एच. आर.' म्हणतात. पाटी दोनदां बदलली. टेबलापलीकडे येऊन उभा राहणारा माणूस तोच आहे, आणि त्याच्या पोटाचा प्रश्नही तोच आहे.

लालबागच्या चाळींतला एक तरुण कल्पनेनें डोळ्यांपुढें आणावा. तो बी. कॉम. झाला आहे. आजोबा रत्नागिरीकडून येऊन गिरणींत साचे चालवीत होते. १८ जानेवारी १९८२ रोजीं संप सुरू झाला तेव्हां सुमारें अडीच लक्ष कामगारांबरोबर तेही बाहेर पडले, ते पुनः आंत गेले नाहींत. वडिलांनीं एका पेढीवर हिशेब लिहून संसार केला. गांठीं जी शिल्लक आहे ती एकदांच खर्च करतां येईल अशी आहे. चुकली तर दुसऱ्या खेपेला कांहीं उरणार नाहीं. मुलानें एक रंगीत माहितीपत्रक आणलें आहे. त्यांत एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे, भारदस्त इंग्रजी नांव आहे, आणि नोकरीची हमी आहे. आई विचारते, 'अरे, एवढे पैसे घालून नोकरी लागेल ना नक्की?' मुलगा 'लागेल' म्हणतो, कारण माहितीपत्रक तसें म्हणतें.

आईच्या प्रश्नाचें खरें उत्तर शोधावयाचें तर ही जागा मुळांत निर्माण कां झाली, हें आधीं पाहिलें पाहिजे. ज्या उणिवेपायीं ती निर्माण झाली, ती उणीव भरून काढण्याची शक्ति हीच तिची योग्यता ठरते. आणि हा इतिहास शोधण्यासाठीं त्या मुलाला दूर जावें लागत नाहीं. तो त्याच्या चाळीच्या खिडकींतून दिसतो.

कावसजी दावर यांनीं १८५४ सालीं मुंबईंत पहिली कापड-गिरणी काढण्यासाठीं मंडळी उभारली, आणि दोन वर्षांनीं ताडदेवास ती गिरणी चालूं झाली. पुढच्या अर्धशतकांत परळ, लालबाग, चिंचपोकळी या भागांत धुराडीं उभीं राहिलीं. मालक पारशी, भाटिये, गुजराती. वरचे तंत्रज्ञ पुष्कळदां लँकशायरहून आलेले. कामगार मात्र कोंकणांतले आणि घाटावरचे. मॅनेजरला कामगाराची भाषा येत नसे, त्याचें गांव ठाऊक नसे, आणि तो आज कां आला नाहीं हें विचारावयाचें कोणाला, तेंही कळत नसे. ही मधली जागा जॉबरनें घेतली. जॉबर माणसें भरती करी, त्यांच्याकडून काम घेई, बिघडलेला साचा दुरुस्त करी, अडीनडीला व्याजानें पैसे देई, प्रसंगीं राहावयास जागाही पाहून देई. या सर्वांचा मोबदला म्हणून तो दस्तुरी घेई. नोकरी लागतांना दस्तुरी, ती टिकवावयाची तरी दस्तुरी. बायकांच्या खात्यांत हेंच काम नायकीण करी. सकाळीं गिरणीच्या फाटकाशीं बदलीवाल्यांचा घोळका उभा राही, आणि जॉबर ज्याला निवडील त्याच्या घरीं त्या दिवशीं चूल पेटे.

जॉबर सर्वच दुष्ट होते असें म्हणणें अन्यायाचें होईल. परक्या शहरांत गांवच्या माणसाला आधार देणारा तोच होता, आणि पुष्कळांनीं त्या आधाराची आठवण कृतज्ञतेनें ठेवली. परंतु माणसें नेमण्याचा अधिकार ज्याच्या हातीं एकवटतो त्याच्या रागालोभावर आणि जातीपातीच्या समजुतींवर इतरांची भाकरी अवलंबून राहते. गिरण्यांच्या विणकाम-खात्यांत अस्पृश्य मानलेल्या कामगारांना घेत नसत. धोट्यांतला धागा तोंडानें ओढून घ्यावा लागे, आणि त्यायोगें विटाळ होतो असें इतर विणकर म्हणत. त्याच खात्यांत मजुरी चांगली मिळे, हें विशेष लक्षांत ठेवण्याजोगें आहे. १९२८ च्या सार्वत्रिक संपाच्या वेळीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं हा प्रश्न कामगार-पुढाऱ्यांपुढें रोखठोकपणें मांडला. आज मनुष्यबळाच्या पुस्तकांत 'निवडीची पद्धति' म्हणून जें प्रकरण असतें, तें परळच्या विणकाम-खात्यांत असें जिवंत होतें.

१९२९ सालीं हिंदुस्थानांतल्या कामगारांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठीं एक रॉयल कमिशन नेमण्यांत आलें. व्हिटली हे त्याचे अध्यक्ष होते, आणि १९३१ सालीं त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. जॉबरच्या हातून भरतीचा आणि बडतर्फीचा अधिकार काढून घ्यावा, आणि कारखान्यांत थेट मुख्य मॅनेजरच्या हाताखालीं एक लेबर ऑफिसर नेमावा, अशी त्याची शिफारस होती. हा अधिकारी कसा असावा, हेंही अहवालानें सांगितलें. सचोटी, व्यक्तिमत्त्व, कामाचा उत्साह, माणूस ओळखण्याची हातोटी, आणि भाषांवरील प्रभुत्व, या गुणांची त्यानें अपेक्षा केली. या यादींत कोणत्याही परीक्षेचें नांव नाहीं. ही यादी आजच्या माहितीपत्रकांतून कोणी छापीत नाहीं, आणि त्याचें कारण उघड आहे: यांतल्या एकाही गुणाची फी घेतां येत नाहीं.

पुढें कांहीं काळ गोष्टी भराभर घडल्या. १९३४ सालच्या मुंबईच्या कायद्यान्वयें सरकारनें गिरणी-कामगारांसाठीं एक लेबर ऑफिसर नेमला. कामगारांच्या तक्रारी मालकांपुढें मांडणें हें त्याचें काम. मालकांच्या संघानेंही आपला अधिकारी नेमला. १९३५ सालीं बदलीवाल्यांची नियंत्रण-योजना आली. दर महिन्याच्या १ तारखेस निवडक माणसांना बदली-कार्डें द्यावयाचीं, आणि रिकाम्या जागीं आधीं त्यांतलींच माणसें घ्यावयाचीं, असा तिचा नियम होता. जॉबरची मर्जी होती तेथें कार्ड आलें. कागदाची ही महती आज कोणाला क्षुल्लक वाटेल; फाटकाशीं उभ्या राहिलेल्या माणसाला ती तशी वाटली नसावी.

इंग्लंडांत हाच धंदा निराळ्या वाटेनें वाढला. यॉर्क येथील रौंट्री यांच्या मिठाईच्या कारखान्यांत १८९६ सालीं मेरी वुड या बाईंना कामकरी स्त्रियांची विचारपूस करण्यासाठीं नेमलें, आणि १९१३ सालीं त्याच गांवीं अशा कल्याण-सेवकांची संस्था निघाली. तेथें आरंभ विचारपुशींतून झाला. मुंबईंत तो भरतींतल्या गैरव्यवहारांतून झाला. म्हणूनच मुंबईंत या धंद्याला प्रथमपासून कायद्याची जोड मिळाली, आणि योग्यता ठरवितांना हा भेद विसरून चालत नाहीं.

शिक्षणाची सोय त्यानंतर झाली. १९३६ सालीं नागपाडा येथें सर दोराबजी टाटा यांच्या विश्वस्त निधींतून समाजकार्याचें पदव्युत्तर विद्यालय निघालें. देशांतलें त्या प्रकारचें तें पहिलें. क्लिफर्ड मॅन्शार्ट हे त्याचे पहिले संचालक. १९४४ सालीं त्याला टाटा सामाजिक विज्ञान संस्था हें नांव मिळालें, आणि १९५४ सालीं ती देवनारास गेली. १९४७ सालीं सरकारनें परळांतच बॉम्बे लेबर इन्स्टिट्यूट काढली. ज्यांनीं १८८४ सालीं गिरणी-कामगारांची संघटना उभारली आणि ज्यांच्या खटपटीनें १८९० सालीं रविवारची सुटी मिळाली, त्या नारायण मेघाजी लोखंडे यांचें नांव पुढें त्या संस्थेला देण्यांत आलें. लालबागचा मुलगा रोज तिच्या आसपासच्या रस्त्यांवरून जातो; पण बहुधा त्याला ती ठाऊक नसते, कारण ती भिंतींवर जाहिराती लावीत नाहीं.

आतां कायदा काय म्हणतो तें पाहूं. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या ४९ व्या कलमानें ५०० किंवा अधिक कामगार असलेल्या प्रत्येक कारखान्याला कल्याण अधिकारी नेमणें भाग पाडलें. त्याची योग्यता महाराष्ट्रांत १९६६ च्या नियमांनीं ठरविली. एक, मान्य विद्यापीठाची पदवी. दुसरी, समाजशास्त्र किंवा कामगार-कल्याण या विषयाची, राज्य सरकारनें मान्य केलेल्या संस्थेची पदवी अथवा पदविका. तिसरी, कारखान्यांतल्या बहुसंख्य कामगारांच्या भाषेचें पुरेसें ज्ञान.

यांतल्या दुसऱ्या अटींतला 'मान्य केलेल्या' हा शब्द आईनें अधोरेखित करून ठेवावा. रंगीत माहितीपत्रकांतला अभ्यासक्रम चांगला असेल, शिकविणारे विद्वान असतील, इमारतींत गारवाही असेल. परंतु ती पदविका कल्याण अधिकाऱ्याच्या जागेसाठीं राज्य सरकारच्या यादींत नसेल, तर कारखान्याच्या त्या जागेचें दार तिनें उघडत नाहीं. हा प्रश्न फी भरण्यापूर्वीं लेखी विचारावा आणि उत्तरही लेखी घ्यावें. 'मान्यताप्राप्त' एवढें मोघम उत्तर आलें तर 'कोणाची मान्यता आणि कशासाठीं' हें पुनः विचारावें. विद्यापीठाशीं संलग्न असणें निराळें, तंत्रशिक्षणाच्या परिषदेची संमति निराळी, आणि कल्याण अधिकारी म्हणून पात्रता निराळी. या तीन गोष्टींची गल्लत जाहिरातींत सर्रास होते, आणि ती नेहमींच अजाणतेपणानें होते असें म्हणवत नाहीं.

कल्याण अधिकाऱ्यांविषयींच्या आदर्श नियमांत आणखी एक मार्मिक तरतूद होती. मालकाच्या वतीनें कामगाराविरुद्ध न्यायालयांत उभें राहण्याचें काम या अधिकाऱ्यानें करूं नये, असा तिचा आशय. पगार मालकानें द्यावा आणि विश्वास कामगारानें ठेवावा, अशी ही नोकरी आहे. ती निभावणें किती जणांना साधलें असेल याचा अंदाज श्रोत्यांनीं आपल्या ओळखीच्या माणसांवरूनच करावा.

मग लालबागच्या मुलानें कोणती वाट धरावी? देवनारच्या संस्थेंतला मनुष्यबळ आणि कामगार-संबंध यांचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम उत्तम. पण त्याची प्रवेश-परीक्षा देशभरचे विद्यार्थी देतात, आणि केवळ तिच्या भरंवशावर वर्ष घालवूं नये. परळच्या लोखंडे संस्थेंत मुंबई विद्यापीठाशीं संलग्न असा कामगार-विषयाचा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. कारखान्याकडे जावयाचें असेल तर चौकशीचा आरंभ तेथूनच करावा. समाजकार्याची पदवी ही तिसरी वाट. न्यू मरीन लाइन्सचें निर्मला निकेतन महाविद्यालय १९५५ पासून ती शिकवीत आलें आहे. ज्याला माणसाचें दुःख ऐकून घेण्याचा कंटाळा येत नाहीं, त्याला ही वाट मानवेल. व्यवस्थापनाच्या पदवीसाठीं चर्चगेटची जमनालाल बजाज संस्था १९६५ पासून प्रसिद्ध आहे. बँका, विमा-कंपन्या आणि संगणकाच्या कंपन्या बहुधा याच पदवीकडे पाहतात. नोकरी संभाळून तीन वर्षांत पुरा होणारा मनुष्यबळाचा अभ्यासक्रमही मुंबई विद्यापीठानें ठेवला आहे, आणि ज्या घरीं पगार थांबून चालणार नाहीं तेथें त्याचा विचार अवश्य करावा. वकिलीची तीन वर्षांची पदवी हीही एक भक्कम जोड आहे. पण ती एकटी पुरेशी समजूं नये.

लोअर परळांत जेथें फिनिक्स आणि कमला या गिरण्या होत्या, तेथें आज कांचेच्या कचेऱ्या व दुकानें आहेत. तेथें कारखान्याचा कायदा क्वचितच लागतो, आणि कल्याण अधिकाऱ्याची पदविका कोणी मागत नाहीं. म्हणून मुलानें प्रथम हें ठरवावें कीं आपल्याला कारखान्यांत जावयाचें आहे कीं कचेरींत. पुष्कळ जण पदवी आधीं घेतात आणि हा प्रश्न स्वतःला नंतर विचारतात.

अभ्यासक्रम ताजा आहे कीं नाहीं, हेंही पाहणें आज फार अगत्याचें झालें आहे. केंद्राचे २९ कामगार-कायदे एकत्र करून केलेल्या चार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलांत आल्या. कल्याण अधिकारी नेमण्यासाठीं कारखान्यांत ५०० कामगार असावे लागत. नव्या संहितेनें ती संख्या २५० वर आणली आहे. त्या हिशेबानें अशा जागा वाढावयास हव्यात. २० किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणीं तक्रार-निवारण समिति हवी, आणि तींत दोन्ही बाजूंचे सभासद सारखे हवेत. ठराविक मुदतीच्या कामगाराला एक वर्ष भरलें तरी ग्रॅच्युइटी मिळावी, असेंही ठरलें आहे. जो वर्ग अजून जुन्या कायद्यांचीं टिपणें वाटीत असेल, त्याची फी कितीही कमी असली तरी ती महागच पडेल. दहा किंवा अधिक नोकर असतील तेथें स्त्रियांच्या छळाच्या तक्रारींसाठीं समिति नेमावी, हा २०१३ चा कायदा मात्र संहितांच्या बाहेर आहे, आणि त्याचें ज्ञान कचेरींत व कारखान्यांत सारखेंच लागतें.

एक सूचना मुलांना रुचत नाहीं, तरी ती करणें प्राप्त आहे. पदवीपूर्वीं किंवा पदवी घेतां घेतां सहा महिने एखाद्या कारखान्याच्या टाइम ऑफिसांत काढावेत. मस्टर कसें भरतात, हजेरी चुकली तर पगार कसा कापला जातो, प्रॉव्हिडंट फंडाच्या खात्यांत नांवाचें एक अक्षर चुकलें म्हणजे एखादी विधवा किती खेटे घालते, हें तेथें दिसतें. काम कारकुनी आहे आणि मानाचें नाहीं. पण मुलाखतीला बसलेल्या जुन्या अधिकाऱ्याला उमेदवारानें मस्टर हाताळलें आहे कीं नाहीं हें दोन प्रश्नांत कळतें.

राहतां राहिली तिसरी अट, भाषेची. लालबागचा मुलगा ती वाचून हंसतो. मराठी तर त्याची घरचीच. ही अट जन्मतःच पुरी झाली असें त्याला वाटतें. आजोबांच्या खात्यांत तें खरें ठरलें असतें. पण अटींत मराठीचें नांव नव्हतें. बहुसंख्य कामगारांची भाषा, एवढेंच तींत म्हटलें होतें. आज मुंबईच्या आसपासच्या कारखान्यांत आणि बांधकामांवर कंत्राटदाराचीं माणसें उत्तर प्रदेशांतून, बिहारांतून, ओरिसांतून येतात. तेथेंही मधली जागा रिकामी राहिलेली नाहीं. गांवाहून माणसें आणणारा ठेकेदार तींत बसला आहे, पगारांतून तो आपला हिस्सा कापून घेतो, आणि साहेबाशीं बोलावयाचें तर त्याच्याच तोंडून बोलावें लागतें. ज्या मजुराला आपली भोजपुरी किंवा उडिया या ठेकेदारापलीकडे कोणाला कळत नाहीं असें दिसतें, तो तक्रारीचा कागद भरावयास येत नाहीं. टाइम ऑफिसांत काढलेल्या त्या सहा महिन्यांत मुलानें दुपारच्या सुटींत त्यांच्या डब्याशीं जाऊन बसावें, आणि रोज चार वाक्यें त्यांच्याकडून शिकावींत. त्या शिकवणीला पैसे पडत नाहींत.